सतराव्या पानापर्यंत

हे मी रचून सांगत नाही. रचायचे असते, तर स्वतःला इतके वाईट ठरवले नसते.

घटना सात वर्षांपूर्वीची. वार शुक्रवार. रात्र नव्हती. सकाळी साडेनऊपासून दुपारी सव्वापर्यंत, एवढ्याच वेळात सारे घडले. खिडकीतून स्वच्छ ऊन आत येत होते. अशा गोष्टींत अंधार असतो असे वाचकांनी ऐकले असेल. मीही तसेच ऐकत आलो होतो.

त्या दिवशी अंधार नव्हता. म्हणूनच मला आजवर एकही सबब सापडलेली नाही.

मी संस्कृतचा अध्यापक. माझे उभे आयुष्य जुन्या पोथ्यांच्या सहवासात गेले. त्या वर्षी अकरा विद्यार्थ्यांना घेऊन मी परदेशातील एका ग्रंथसंग्रहालयात सहा आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. तेथील एका पोथीची नक्कल करायची, ती मुळाशी ताडून पाहायची आणि अखेरच्या दिवशी दुपारी दोनच्या आत संग्रहालयाच्या स्वाधीन करायची, असा करार होता. चार वाजता आमची बस विमानतळाकडे निघणार होती.

आमच्या ताडणीची एक रीत आहे. ती माझ्या गुरूंनी घालून दिलेली. दोघांनी पाठीला पाठ करून बसायचे. एकाने मूळ पोथी मोठ्याने वाचायची. दुसऱ्याने नकलेवर नजर ठेवायची. ओळ जुळली की तिच्यापुढे बारीक टिंब द्यायचे आणि पेन्सिलीने मेजावर एकदा ठोकायचे. जुळली नाही तर दोनदा ठोकायचे. बोलायचे नाही. वळून पाहायचे नाही. समोरच्याचा चेहरा दिसला की माणूस भिडेपोटी चुका गिळतो, असे गुरू म्हणत.

त्या अकरा जणांत एक मुलगी होती. सगळे तिला 'टाचणी' म्हणत. अंगाने किरकोळ, बोलणे मोजके. पण चूक दिसली की नेमकी तिथेच टोचायची. मग ती चूक मित्राची असो, नाही तर माझी.

माझी विशेषतः.

दौऱ्याच्या पाचव्या आठवड्यात तिने सर्वांसमोर मला म्हटले होते, "सर, शेवटच्या गठ्ठ्यात बाराव्या पानावर अर्धी ओळ आहे. तुमच्या छापील पुस्तकात ती नाही."

याच पोथीच्या छायाचित्रांवरून वीस वर्षांपूर्वी मी तो ग्रंथ छापला होता. माझी जी काही कीर्ती आहे, ती त्याच ग्रंथावर उभी आहे.

"ती ओळ पानावर नाही, तुझ्या डोळ्यांत असेल," मी म्हणालो. "चाळीस वर्षं हा ग्रंथ मला तोंडपाठ आहे."

"तेच तर ना सर," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही पोथी वाचत नाही. पाठ म्हणता."

मी ते पान उघडूनही पाहिले नाही. पुढचे चार दिवस तिच्याशी बोललो नाही. वयाने वाढलेला माणूस किती लहान होऊ शकतो, याचे ते माप होते.

आता त्या शुक्रवारकडे येतो.

अतिथिगृहाच्या भोजनकक्षात सकाळी सगळे जमले होते. सामान बांधून झाले होते. विद्यार्थ्यांच्या अंगात परतीचा उत्साह होता. टाचणी मात्र भिंतीला टेकून उभी होती. तिने पोटावर हात दाबून धरला होता. दोन दिवसांपासून तिचे पोट दुखते आहे, हे माझ्या कानांवर आले होते.

"सर, फार दुखतंय. आज मला सोडाल का? दवाखान्यात जाऊन येते."

"शेवटच्या दिवशी सगळ्यांचीच पोटं दुखतात," मी म्हणालो. "परीक्षेच्या सकाळी दुखतात, तशी."

मुले हसली. गुरू विनोद करतो तेव्हा मुले हसतातच.

माझी सख्खी भाची त्या गटात होती आणि टाचणीच्याच खोलीत राहत होती. ती एकटी हसली नाही. "मामा, खरंच दुखतंय तिला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिच्या जागी मी बसते ना ताडणीला."

"तू? तुझी नजर म्हणजे चाळण."

"चाळणीत निदान खडे तरी अडकतात, मामा."

"पुरे. नक्कल जिची, ताडणीही तिचीच. शेवटच्या गठ्ठ्याची सतरा पानं राहिलीत. ती पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. मग चार वाजेपर्यंत काय तो दवाखाना करा."

टाचणीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"बरं सर," एवढेच ती म्हणाली.

दौऱ्यावर निघताना तिची आई आम्हांला पोहोचवायला आली होती. ती शिवणकाम करते. पदरी ही एकच मुलगी. बाई मला म्हणाली होती, "सर, जशी नेताय तशीच आणा हं."

"ताई, माझीच मुलगी समजा," असे मी म्हणालो होतो.

साडेनऊला आम्ही वाचनकक्षात बसलो. दालनाच्या टोकाशी असलेली ती एक लहानशी खोली. दोन मेजे, दोन खुर्च्या, पाठीला पाठ. माझे तोंड दाराकडे, तिचे खिडकीकडे. दार एकच. त्याच्या वरच्या अंगाला काच. दाराबाहेर मी पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने पाटी लावली होती: 'वाचन चालू असताना कोणत्याही कारणास्तव दार उघडू नये.' खाली तेथील भाषेतही तेच लिहवून घेतले होते. पोथीजवळ दूरध्वनी नेण्यास मनाई होती. आम्हा सर्वांचे दूरध्वनी खाली प्रवेशापाशी जमा असत.

मी वाचू लागलो.

टक्.

पुढची ओळ.

टक्.

तिचा श्वास मला ऐकू येत होता. तोकडा, अडखळणारा. अधूनमधून खुर्ची करकरे. पाचव्या पानावर एक कण्हणे ऐकू आले. मी वाचनाचा स्वर थोडा चढवला.

होय. कण्हणे ऐकू येऊ नये म्हणून.

सहावे पान संपले तेव्हा ती म्हणाली, "सर, जरा बाहेर जाऊन येते."

"पाच मिनिटं. सकाळी काय सांगितलंय, लक्षात आहे ना?"

"आहे सर."

ती भिंतीचा आधार घेत माझ्या डाव्या बाजूने गेली. दार उघडले. दार लागले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी मान खाली घालून सातव्या पानाची अक्षरे चाळत बसलो.

किती वेळ गेला, कोण जाणे. आणि मग माझ्या पाठीमागे...

टक्.

'बसले आहे, वाचा' असे सांगायचे झाले की आमचे विद्यार्थी असेच एकदा ठोकतात. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. मी पोथीत गढलो होतो, आली असेल, असे मनाशी म्हणालो. वळून पाहण्याची आमची रीतच नव्हती.

मी वाचू लागलो.

टक्. टक्. टक्. ओळीमागून ओळ.

आठवे पान झाले. नववे झाले. आणि हळूहळू माझ्या लक्षात आले...

खुर्ची करकरत नव्हती.

कण्हणे थांबले होते.

श्वासही ऐकू येत नव्हता.

वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात आलेला विचार लिहिताना हात जड होतो. तरी लिहितो. मी मनात म्हणालो, 'पाहा, काम अंगावर घेतल्याबरोबर दुखणे पळाले. सोंगच होते.'

अकरावे पान चालू असताना दाराच्या काचेपाशी कोणी तरी आल्यासारखे वाटले. मी मान वर केली नाही. पावले क्षणभर थांबली आणि निघून गेली.

मग बारावे पान आले.

मी नेहमीच्या लयीत म्हणत गेलो. एक ओळ, टक्. दुसरी ओळ, टक्. तिसरी...

टक् टक्.

मी थांबलो. तीच ओळ पुन्हा वाचली.

टक् टक्.

म्हणजे हिला अजून तेच सिद्ध करायचे आहे तर! मी आवाज चढवून तिसऱ्यांदा वाचली. खरे सांगायचे, तर वाचली नाही. म्हटली.

टक् टक्.

तितकेच हलके. ना त्यात घाई, ना उर्मटपणा. चाळीस वर्षांत मला इतक्या संयमाने कोणी चुकीचे ठरवले नव्हते.

मी तर्जनी पोथीवर ठेवली आणि एकेक अक्षर लावीत गेलो. पहिल्या यत्तेतला मुलगा लावतो, तसा.

अर्धी ओळ तिथे होती.

पुसट नव्हती. समासात लिहिलेली नव्हती. ठसठशीत काळ्या शाईत, ओळीच्या मधोमध होती. छायाचित्रांतही ती असलीच पाहिजे. तोंडपाठ असलेला माणूस पानाकडे पाहतच नाही. आमच्या विद्येतला हा सर्वांत जुना दोष. मी दरवर्षी पहिल्या तासाला तो विद्यार्थ्यांना सांगतो.

ती ओळ काय होती ते येथे लिहीत नाही. या घटनेशी तिचा काही संबंध नाही.

मी ती वाचली.

टक्.

मी घड्याळाकडे पाहिले. बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. 'तुझं बरोबर होतं' हे तीन शब्द ओठांपर्यंत आले. तेथेच थांबले. मी तेरावे पान उलटले.

उरलेली पाने न अडखळता गेली. एकदाही दोन ठोके आले नाहीत. सव्वा वाजता सतरावे पान संपले. शेवटची टक् आली. मग खोलीत इतकी शांतता झाली की माझ्याच धोतराची सळसळ मला परकी वाटली.

"नक्कल ग्रंथपालांकडे पोहोचती करायची," मी समोर पाहतच म्हणालो. "बस चारला आहे."

उत्तर आले नाही. मी पोथी वेष्टनात बांधली आणि दार उघडून बाहेर पडलो. मागे वळून पाहिले नाही. आता वळायला हरकत नव्हती, वाचन संपले होते. पण वळलो असतो तर मान्य करावे लागले असते.

दालनाच्या मध्यावर भाची समोरून धावत आली. तिचे डोळे सुजले होते. मागे ग्रंथपाल बाई होत्या.

"मामा! कुठे होतात तुम्ही?"

"कुठे म्हणजे? वाचनाला."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर काय! टाचणीबरोबर. आत्ताच संपलं."

भाची माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक शब्द सुटा करीत म्हणाली, "मामा, टाचणी गेली."

"कुठे गेली?"

"गेली, मामा."

पावणेअकराला बाहेर पडलेली मुलगी जिन्यापर्यंत पोहोचली आणि तिथेच कोसळली. द्वारपालाने तिला उचलले. भाची तिच्याबरोबर रुग्णालयात गेली. आतडे आदल्या रात्रीच फुटले होते आणि विष सर्वांगात पसरले होते. तिला लगेच शस्त्रक्रियेला घेतले. एक दिवस आधी आणली असती तर ती चालत घरी गेली असती, असे शल्यविशारद म्हणाले.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा प्राण गेला.

"मला बोलावलं का नाही कुणी?" मी ओरडलो. "दार ठोठावायचं होतं!"

ग्रंथपाल बाई त्यांच्या भाषेत हळू आवाजात काही बोलल्या. भाचीने ते मला सांगितले. सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"रुग्णालयातून मी फोन केला, तेव्हा त्या स्वतः आल्या होत्या दारापर्यंत. बाहेर तुमची पाटी होती. म्हणून काचेतून पाहिलं. त्यांना वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही दुसऱ्या कुणाला घेऊन बसलात."

"दुसऱ्या कुणाला?"

"त्या म्हणतात... तुमच्या पाठीशी कुणीतरी बसलं होतं. मान खाली घालून. लिहीत."

मी परत धावलो. कोणत्या पायांनी धावलो, ते ठाऊक नाही.

खोलीत कोणी नव्हते. खुर्ची मेजापासून थोडी मागे सरलेली, माणूस बसल्यावर असते तेवढी. नकलेची सतरा पाने मेजावर एकावर एक नीट रचलेली. मी ती उचलली. सतराही पानांवर प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीचे टिंब होते.

बाराव्या पानापर्यंतची टिंबे वेडीवाकडी. काही ठिकाणी टोक कागदात रुतलेले.

तेराव्यापासून पुढची सगळी... सरळ. एकसारखी. निवांत हाताने दिलेली.

मेजावर पेन्सिल नव्हती.

"शोधू नका मामा," दारातून भाची म्हणाली. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेले काही तरी काढले. "जिन्यात पडली तेव्हापासून तिच्या मुठीत होती. परिचारिकेला मूठ सोडवताना बोटं एकेक करून उघडावी लागली. अकरा वाजल्यापासून माझ्याजवळ आहे."

आणि तेव्हा मला आणखी एक गोष्ट उमगली. माझे तोंड दाराकडे होते. जाताना ती मला दिसली होती. खोलीला दुसरे दार नव्हते. मान कितीही खाली असो, दोन हातांवरून माणूस आत आला तर कळतेच.

मला कळले नव्हते. कारण दार उघडलेच नव्हते.

चार दिवसांनी तिला घेऊन आम्ही परतलो. महाविद्यालयात शोकसभा झाली. मी बोललो. विद्येसाठी देह ठेवणे, निष्ठा, तप, असे शब्द वापरले. सभागृहातील कित्येकांचे डोळे पाणावले. एका मित्राने माझा हात दाबून म्हटले, "शिष्या लाभावी तर अशी." वर्षभराने ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. त्यात ती अर्धी ओळ आहे. खाली टीप आहे: 'ही ओळ नव्याने आढळली.' कोणाला आढळली, ते टिपेत नाही. एका टिपेत किती जागा लागली असती!

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी तिच्या आईकडे गेलो. भाचीही बरोबर होती. बाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. कोणाचा तरी परकर अर्धा शिवून झाला होता. त्यांनी यंत्र थांबवले नाही.

"बसा."

आम्ही बसलो. मी त्या दिवसाची सारी हकीकत सांगितली. ठोके, टिंबे, बारा वाजून दहा मिनिटे. सकाळचा माझा विनोद तेवढा गाळला. मला प्रामाणिकपणे वाटत होते की यातून त्यांना समाधान मिळेल. मी म्हणालो, "ताई, अशी निष्ठा मी पाहिली नाही. देह सुटला, पण तुमच्या मुलीनं काम सोडलं नाही."

यंत्र थांबले.

"म्हणजे मेल्यावरही तुम्ही तिला सुट्टी दिली नाहीत," त्या म्हणाल्या.

मी खाली पाहिले. भाची उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

"तिनं मला आदल्या रात्री फोन केला होता, सर. म्हणाली, आई, पोटात कळा येतायत, पण उद्याचा दिवस काढते. सर आता कुठे माझ्याशी बोलायला लागलेत, पुन्हा रागवायला नकोत."

त्यांनी सुईतला दोरा तोडला.

"एक विचारू?" त्यांचा स्वर अगदी घरगुती होता, भाजी निवडताना विचारावे तसा. "ती तुमच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. पानं पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही, म्हणालात. पुरी झाली. मग तिला 'ऊठ' म्हणून कोण म्हणालं?"

"ताई..."

"मी तिची आई आहे. मला सांगा. कुणी म्हणालं का तिला, की झालं बाळा, ऊठ आता, घरी जा?"

मी म्हणालो नव्हतो. मी बसची वेळ सांगितली होती.

त्या रात्री मी ग्रंथसंग्रहालयाला पत्र लिहिले. त्या खोलीत मला एका सकाळी फक्त तासभर बसू द्यावे, कोणतीही पोथी नको, असे विनवले. दोन वर्षे उत्तर आले नाही. मग आले. छापील कागदावर, ग्रंथपाल बाईंच्या सहीचे. दोनच वाक्ये होती. 'तो कक्ष सकाळच्या वेळी कोणालाही दिला जात नाही. दुपारी दीडनंतरची वेळ हवी असल्यास कळवावे.'

कारण दिलेले नव्हते. मी विचारलेही नाही.

मनात आले असते तर तरीही गेलो असतो. दाराशी उभा राहिलो असतो, हात जोडले असते, 'ऊठ आता' एवढे म्हणालो असतो. आधी व्हिसाची अडचण होती. मग गुडघ्यांची. आता वैद्य विमानप्रवासाला नाही म्हणतात. यांतले प्रत्येक कारण खरे आहे, आणि यांतल्या एकानेही मला अडवलेले नाही.

भाची अजून त्या बाईंकडे जाते. निघताना त्या तिला उंबऱ्यापर्यंत सोडायला येतात आणि दर वेळी एकच विचारतात, "तुझे मामा तिथं जाऊन आले का गं?"

भाचीने घरी येऊन हे मला सांगणे आता बंद केले आहे. ती नुसती चप्पल काढते, आत जाते, आणि जाता जाता एकदा माझ्याकडे बघते.